चेनबरोबर कॅसेटही गेली

मागच्या जूनमधली गोष्ट. डोणज्यावरून सिंहगडाच्या घाटाला लागलो, पहिल्याच खड्या चढाला पेडलवर उभा राहिलो आणि चेन दातांवरून सटकली. पाय खाडकन खाली गेला, गुडघा हँडलवर आदळला. पुन्हा जोर दिला, पुन्हा तेच. चेन तर नवी होती, चारच दिवसांपूर्वी मी स्वतः बसवलेली.

सायकल 29 इंची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. पुढे पेडलपाशी एकच 32 दातांची चेनरिंग (दातेरी चकती), मागच्या चाकावर 10 गिअरची, 11 ते 46 दातांची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच. पहिली चेन मी तीन पावसाळे वापरली, एकदाही न मोजता. मुळशीकडून चिखल घेऊन आलो की पाण्याचा फवारा मारायचा, चेन वाळायच्या आत वरून तेल सोडायचं आणि करकर थांबली की समाधान मानायचं. तेलात कालवलेली ती माती आतल्या आत पॉलिश पेपरसारखी घासत होती.

दुकानात काकांनी कॅसेटकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "चेन एकटी जात नाही रे, कॅसेटला घेऊन जाते." मग त्यांनी माझी जुनी चेन फळीवर ताणून ठेवली आणि शेजारी स्टीलची पट्टी लावली. लगतच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. एका पिनचा मध्य शून्यावर धरला, तर शेवटची पिन 12 च्या रेघेपुढे चांगली एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, गेलेली. अर्धं सूत पुढे गेली तेव्हाच चेन बदलली असती, तर कॅसेट वाचली असती. 11-12 गिअरवाल्यांनी तर अर्ध्या सुतापलीकडे एक दिवसही थांबू नये.

चेन ताणली असं आपण सगळेच म्हणतो. पण कड्यांच्या पोलादी पट्ट्या ताणत नाहीत. पिन आणि आतल्या पट्टीची भोकं एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते आणि शंभरावर सांध्यांची मिळून ती बेरीज होते. अशी लांबलेली चेन दातांवर थोडी वर चढून बसते आणि दातांमधल्या खाचा आपल्या मापाने कोरत जाते. चेन आणि कॅसेट, त्या दोघींचं आपसात जमलेलं असतं, म्हणून जुनी चेन शेवटपर्यंत सटकत नाही. मला याचाच चकवा बसला. बरोबर मापाची नवी चेन त्या खाचांत बसतच नाही. सगळा भार एक-दोन दातांवर येतो आणि जोर लागला की ती वर चढून उडते.

काकांनी बॅटरी धरून दाखवलं. 46 आणि 37 दातांच्या चकत्यांचे दात जवळजवळ नव्यासारखे. 18, 21 आणि 24 चे मात्र एका बाजूने खाल्लेले, कोयत्याच्या टोकासारखे वाकडे. बोट फिरवलं तर नखाला धार लागत होती. माझं सगळं चढणं याच तिघांवर झालेलं. सुटी चकती मिळत नव्हती, पूर्ण कॅसेटच घ्यावी लागली. तीन चेनचे पैसे गेले.

बसवायला त्यांनी मलाच लावलं. चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याने) कॅसेट धरून ठेवायची, ती आवळून धरणारी लॉकरिंग सोडवायची, कॅसेट ज्यावर बसते तो चाकाचा फ्रीहब पुसून हलकं ग्रीस लावायचं. फ्रीहबची एक खाच बाकीच्यांपेक्षा अरुंद असते, त्यामुळे चकत्या चुकीच्या बसूच शकत नाहीत. शेवटी लॉकरिंग 40 न्यूटन मीटरला आवळायची. अर्ध्या तासाचं काम.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी पट्टी लावतो. उन्हाळ्यात चेन आधी रॉकेलने, मग पेट्रोलने धुऊन पॅराफिन मेणात बुडवतो. मेण गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवूनच वितळवतो, थेट गॅसवर कधीच नाही, पेट घेतं. मेणाला माती चिकटत नाही आणि चेनवरून हात फिरवला तरी काळा होत नाही, हे सुख मला आधी माहीतच नव्हतं. पण आपल्या पावसापुढे मेण टिकत नाही, एका भिजण्यात धुऊन जातं आणि सकाळी चेनवर तांबेरा. म्हणून जून ते सप्टेंबर पावसाळी वंगण, आणि प्रत्येक फेरीनंतर आधी पुसणं, वाळवणं, मगच तेल.

ही चेन 1,600 किलोमीटर झाली आहे आणि अजून पाव सुताच्या आत आहे. चेनरिंग मात्र तेव्हा पैसे वाचवायला जुनीच ठेवली. ॲल्युमिनियमची आहे, दात टोकाला निमुळते झालेत आणि चिखलात चेन तिच्यावरून चटकन सुटत नाही, थोडी वर ओढली जाते. दिवाळीआधी पोलादी घेणार आहे.