डिंगलच्या वाटेवर, आत्यासोबत

लिस्पोल गाव मागे पडलं आणि उजव्या टाचेवरचा फोड टरारला. पाऊल टेकवलं की डोळ्यांसमोर काजवे. आत्या पंचवीस पावलं पुढे. ओचा वर खोचलेला, पायात माझे जुने बूट, तोंडाने अभंग चालू.

"आत्या, थांब की जरा!"

"थांबलं की पाय धरत्यात गं. चालत राहा."

अकरा वाऱ्या केलेल्या माणसाशी काय वाद घालणार? तिचा राग आला, अभंगाचा आला, आणि ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या माझ्याच डोक्याचा सगळ्यात जास्त आला.

झालं होतं असं, की तिकीट भावाने काढलं आणि तारखा बघितल्याच नाहीत. फलटणची आत्या माझ्याकडे आयर्लंडमध्ये, कॉर्कला उतरली ती ऐन ज्येष्ठात. माउलींचं प्रस्थान तिने फोनवर पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग मी केरी कामिनोचं, म्हणजे इथल्या यात्रेकरूंच्या पायी वाटेचं काढलं. ट्रालीच्या सेंट जॉन चर्चपासून डिंगलच्या सेंट जेम्सपर्यंत ५७ किलोमीटर, तीन दिवस. त्याला जोडून पुढे 'कोसान न नीव', म्हणजे संतांची वाट, आणखी १८.

"पालखी कुणाची?"

पालखी नसते म्हटलं.

"दिंडी तरी?"

दिंडीही नाही.

"मग नुसतं हिंडायचंच की." तरी पिशवी तिनेच आधी भरली.

पहिले दोन दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. स्लिव्ह मिश डोंगरांच्या उतारावरचा घोट्याएवढा चिखल, खाली समुद्रात घुसलेला इंच गावचा वाळूचा पट्टा, मग अ‍ॅनास्कॉल. टॉम क्रीनचं गाव; दक्षिण ध्रुवाच्या मोहिमा करून आलेल्या या माणसाने इथे परतून पब काढला. कुठला पाऊस कुठल्या दिवशीचा, ते मात्र सांगता येणार नाही. वाटेवर यात्रेकरूच्या पासपोर्टावर शिक्के घ्यायचे असतात, आणि एक शिक्का नेमका पबात मिळाला. गळ्यात तुळशीची माळ, समोर बिअरचे नळ. आत्याने शिक्का घेतला, काउंटरला नमस्कार केला आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "घरी सांगू नकोस." संध्याकाळी हरिपाठाचं अवघड व्हायचं, कारण जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत संध्याकाळच संपत नाही.

तर तो फोड. दोन्ही बाजूंना फुशियाची कुंपणं, लाल झुंबरं लोंबतायत, मधून गाडीच्या रुंदीचा रस्ता, आणि मी एका फाटकाच्या दगडावर बसून रडायच्या बेतात. आतून एक बाई आली. सत्तरीची असेल. आयरिशमध्ये "दीआ ग्वित" म्हणाली. देव तुझ्यासोबत असो. उत्तर देताना देवासोबत मेरीचंही नाव घ्यायचं असतं. आत्याला मी हे ट्रालीलाच सांगितलं होतं, पण ती प्रत्येक वेळी "रामकृष्ण हरी" म्हणूनच मोकळी होते. बाईचं काही अडलं नाही.

बाईने माझा बूट काढला. परक्या माणसाने आपला घामट मोजा ओढून काढावा, याची लाज वारीत कधी वाटली नव्हती, इथे वाटली. आत्या खाली वाकली. "सुई-दोरा माग." मी भाषांतर केलं. बाई आत जाऊन विणकामाच्या टोपलीसकट आली. अर्धवट विणलेला स्वेटर, मळकट पांढरी लोकर, त्यात खोचलेली सुई. आत्याने सुई काडीच्या ज्योतीवर धरली, साधा दोरा ओवला, फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने काढला आणि दोरा तसाच आत ठेवून टोकं कापली. पाणी निथळायला लागलं. बाई बघत राहिली, मग मान हलवून पुन्हा आत गेली आणि न धुतलेल्या लोकरीचा मूठभर पुंजका घेऊन आली. मेंढीच्या अंगाची चरबी तशीच होती, बोटांना चिकटत होती. तो तिने टाचेभोवती पसरला, वर मोजा चढवला.

आत्याने उरलेली लोकर चिमटीत चोळून पाहिली. "आपल्यापेक्षा लांब धागा हाय. घोंगडी चांगली होईल." घोंगडी म्हणजे काय ते सांगताना माझं इंग्रजी संपलं. लोकरीला भाव काय, असं आत्याने विचारायला लावलं. बाई हसली. कातरायची मजुरीही निघत नाही, म्हणाली. हे मराठीत सांगितल्यावर आत्या म्हणाली, "हितंबी तेच का." मग त्या दोघी, एक मराठीत आणि एक इंग्रजीत, बराच वेळ बोलत बसल्या. मला कुणी मध्ये घेतलं नाही. चहा मिळाला, दूध वेगळं आणि साखर नाही. आत्याने तो विनातक्रार प्यायला. माझ्या घरी मात्र रोज कुरकुर.

निघालो तर वळणावर कळप आडवा. पाठीवर निळ्या-लाल रंगाच्या खुणा, मागे कुत्रं आणि चारचाकी बाइकवर मालक. आम्ही कुंपणाला टेकलो. ते शंभरेक जीव आत्याला घासून दोन्ही बाजूंनी गेले. आत्याने हात जोडले. "काटेवाडीचं रिंगण!" मेंढ्यांचं ते रिंगण तुकोबांच्या पालखीभोवतीचं, आत्या माउलींच्या सोहळ्यातली, पण तिने एका वर्षी मुद्दाम जाऊन ते बघितलंय. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी पहिल्यांदा गप्प बसले.

डिंगलला बसगाड्या, आइस्क्रीम, बंदरावर फंगी डॉल्फिनचा पुतळा, शेवटचा शिक्का. बास.

चौथ्या दिवशी व्हेंट्रीच्या वाळूवरून संतांची वाट धरली. गॅलरसला चुन्याशिवाय रचलेलं, उलट्या होडीसारखं दगडी प्रार्थनाघर. आत अंधार, वर एवढीशी खिडकी. त्यातून बाहेर पडेल त्याला स्वर्ग, असं म्हणतात. आत्याने खिडकी पाहिली, स्वतःकडे पाहिलं आणि बाहेर येऊन भाकरी सोडली. किलमॅल्केडरला बाराव्या शतकातल्या पडक्या चर्चभोवती तिने न विचारता उजवीकडून फेरी घातली. इथेही फेरी सूर्याच्या दिशेनेच घालतात, हे मी तिला नंतर सांगितलं. "मग दुसरीकडनं कोण घालतं?" म्हणाली.

ब्रँडनचा डोंगर ९५२ मीटर, आणि तो ढगात. पायथ्याशी आमची वाट संपली. वर जायचं कुणीच बोललं नाही. भिंतीवर बसून बूट काढला. टाचेखालची लोकर घामाने आणि चालण्याने दाबून घट्ट झाली होती, वाटीसारखी, हुबेहूब माझ्या टाचेच्या आकाराची. आत्याने ती उचलली, उलटसुलट केली आणि बुक्क्याच्या डबीशेजारी पिशवीत ठेवली.

"अगं, धुऊन तरी घे."

"ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि चेन ओढली.