एकाच नावाचा पासपोर्ट

२२ नोव्हेंबर २०२२, मंगळवार. कतारमधला फुटबॉलचा विश्वचषक बघायला त्या रात्री नऊच्या बसनं तिघं मित्र निपाणीहून मुंबईला आणि दुसऱ्या दिवशी तिथून विमानानं दुबईला निघणार होते. माझं निपाणीत विमानाची तिकिटं आणि व्हिसा काढून द्यायचं दुकान. कतारच्या राजधानीत, दोहात, खोल्यांचे भाव ऐकून मीच त्यांना दुबईत राहायचा सल्ला दिला होता. सामन्याच्या दिवशी विमानानं दोहाला जायचं, सामना बघून रात्री परत यायचं. कतारचं हय्या कार्ड, म्हणजे सामन्याच्या प्रेक्षकांचा प्रवेश परवाना, असलेल्यांना दुबईचा व्हिसा शंभर दिरहममध्ये मिळत होता, तोही पुन्हा पुन्हा ये-जा करता येईल असा. सामना २६ तारखेचा, अर्जेंटिना-मेक्सिको, लुसैल स्टेडियमवर.

आमच्याकडचं फुटबॉल म्हणजे कोल्हापूरचं फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असले की आमची पोरं मोटारसायकली काढून चाळीसेक किलोमीटर जातात आणि घसा बसवून येतात. या तिघांनी दोन वर्षं पैसे साठवले होते. त्यातला एक तंबाखूच्या वखारीत कामाला. म्हणून ही तिकिटं काढताना माझ्याही पोटात गोळा होता.

सकाळी साडेदहाला दुकान उघडलं आणि कामाच्या ग्रुपवर एका विमान कंपनीचं परिपत्रक दिसलं. ज्या पासपोर्टवर फक्त एकच नाव आहे, आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्या प्रवाशाला पर्यटक व्हिसावर दुबईत घेणार नाहीत. नियम आदल्या दिवसापासून, २१ तारखेपासून लागू. मी कपाटातून तिघांच्या झेरॉक्स काढल्या. वखारीतला पोरगा मूळचा चिक्कोडीकडचा. त्यांच्या घरी आडनाव लावायची पद्धतच नाही. शाळेच्या दाखल्यावर नाव आणि पुढं वडिलांचं आद्याक्षर. पासपोर्टला आद्याक्षर चालत नाही, म्हणून अर्ज भरताना कुणीतरी ते गाळलं आणि आडनावाचा रकाना तसाच कोरा सोडला. सीमाभागात असे पासपोर्ट खूप आहेत. हय्या काढताना मी स्पेलिंग तीन वेळा तपासलं होतं, पण त्या कोऱ्या रकान्याकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. कतारला त्याची अडचण नव्हती. दुबईला झाली.

त्याला फोन केला. तो वखारीतून तसाच आला, अंगाला तंबाखूचा वास, डोळे लाल.

"अण्णा, बेळगावला हेड पोस्टात जाऊन आडनाव घालून घिऊ का? आत्ता निघतो."

त्याला समजावलं, की आडनाव घालायचं म्हणजे पासपोर्टच नवा निघतो. त्याला दिवस लागतात, आणि नंबर बदलला की जुन्या नंबरावर काढलेलं हय्या कार्ड बाद. त्या आठवड्यात पासपोर्टला हात लावणं म्हणजे होतं तेही घालवणं.

एकच वाट उरली होती, दुबई टाळून थेट दोहा. पण दोहात मुक्काम करायचा तर राहण्याची जागा नोंदवलेली लागायची. चोवीस तासांच्या आत परत जाणाऱ्यालाच त्यातून सूट होती. मग आठवलं, शेजारच्या गावातला एकजण दोहात एसी दुरुस्तीचं काम करतो, त्याचं तिकीट दर वर्षी मीच काढतो. तिथं राहणाऱ्यांना आपल्या घरी पाहुणे ठेवायची परवानगी होती, मात्र घराची नोंद करून त्यात पाहुण्याचा पासपोर्ट नंबर घालावा लागायचा. मी फोन लावला. तो शिडीवर होता. म्हणाला, "दादा, आपल्या निपाणीचा पोरगा हाय न्हवं? मग इचारताय काय! जेवायच्या सुट्टीत भरतो."

दुपारी साडेतीनला समोरच्या चहाच्या गाड्यावर अर्जेंटिना-सौदी सामना लागला. माझं अर्धं लक्ष मुंबई-दोहा तिकिटाच्या भावावर, अर्धं बाहेरच्या आवाजावर. मेस्सीनं पेनल्टी मारली तेव्हा गल्ली दणाणली. दुसऱ्या डावात पाच मिनिटांत सौदीचे दोन गोल झाले आणि बाहेर इतकं शांत झालं, की मला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. अर्जेंटिना १-२ हरली. पोरगा माझ्यासमोर खुर्चीत बसून होता, त्यानं वळून टीव्हीकडं बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी बाकीचे दोघं बॅगा घेऊन आले. परदेशी जाणाऱ्याची बॅग निघायच्या आधी माझ्यासमोर उघडायची, हा माझा शिरस्ता. एकाच्या गुडघ्याला मार होता, त्याच्याकडं डॉक्टरांनी दिलेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांची पट्टी निघाली. आपल्याकडं चिठ्ठीवर मिळणारं हे औषध तिकडं नियंत्रित यादीत आहे. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधाचंही तेच. आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी नसेल तर विमानतळावरच अडकायची वेळ येते. गोळ्या काढून ठेवल्या, पॅरासिटामॉल घेऊ दिलं.

दुसऱ्याच्या बॅगेत त्याच्या आईनं दिलेला स्टीलचा डबा होता, वर फडकं बांधलेलं. घरचा कांदा-लसूण मसाला. झाकण काढल्याबरोबर सगळ्या दुकानात वास पसरला. मी काकूंना फोन लावला, "काकू, मसाल्यात खसखस घातलीय का?"

"व्हय की. खसखशीबिगर मसाला हुतोय व्हय?"

दुबईत खसखस अमली पदार्थात धरतात. अफूचंच बी ते. चिमूटभर सापडली तरी लोक कोठडीत गेले आहेत. काकू फोनवर गप्पच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "काढ बाबा, काढ. चटणीबिगर मरत न्हाई त्यो." डब्याखाली दिवाळीचे अनारसे होते. त्यांच्यावर तर खसखस नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. तेही ठेवून घेतले.

आठ वाजून दहा मिनिटांनी दोहाहून फोन आला, नोंद झाली. मी तिकीट पक्कं केलं. दुबईच्या तिकिटाचे त्याचे पैसे बुडाले, त्यातला माझा वाटा मी सोडला. चूक माझीही होती. निघताना तिघांना एवढंच सांगितलं, की सामन्याचं तिकीट फक्त मोबाइलच्या ॲपमध्ये आहे, तेव्हा फोन जपा आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

२६ तारखेचा सामना आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू झाला. चौसष्टाव्या मिनिटाला मेस्सीनं लांबून गोल मारला आणि थोड्या वेळानं माझ्या फोनवर फोटो आला. तिघं एकमेकांच्या गळ्यात पडलेले, मागं सगळं निळं-पांढरं.

२०२६ ची स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोला दिली, तेव्हापासून लोक तिकिटाचंच विचारतात. मी आधी पासपोर्ट मागतो. तिथं हय्यासारखं तिन्ही देशांना चालणारं एक कार्ड नाही, आणि हातात सामन्याचं तिकीट आहे म्हणून व्हिसा मिळतोच असंही नाही.

दोहाच्या सामन्यानंतरच्या जानेवारीत तो वखारीतला पोरगा वडिलांना घेऊन आला. पासपोर्टमध्ये आडनाव घालायचं होतं. वडिलांचं नाव लावायचं की गावाचं, यावर बापलेक माझ्या टेबलासमोर कानडीत अर्धा तास बोलत बसले. शेवटी म्हातारबाबांनी अर्ज माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "गावाचं लिवा."