काळं रान लांब, माळ आखूड

14 डिसेंबर, रविवार

मामांना आज स्पष्टच सांगितलं, नदीकाठच्या काळ्या रानात विमान उतरवायचं नाही. रान अकराशे मीटर लांब, सपाट, आडवं झाड एकही नाही. कागदावर बघितलं तर कुणीही हीच जागा निवडेल. सिन्नरच्या बाजूचा माळ जेमतेम नऊशे मीटरचा, तोही चढाचा. तरी माझं मत माळाच्या बाजूने आहे. का ते आजच लिहून ठेवते, कारण दादा, म्हणजे मामांचा मुलगा, हा विषय इतक्यात सोडणार नाही.

दादाने आणि त्याच्या मित्रांनी मिळून जुनं सेस्ना 172 एस, चार आसनांचं छोटं विमान, घेतलंय. त्याचं म्हणणं, घरची जमीन आहे, गवत आहे, मग अडतंय कुठे? माझा सगळा जन्म रस्त्यांच्या कामात गेला, त्यामुळे माती, उतार, लेव्हल ही कामं माझ्याकडे आली. विमानाचं पुस्तकही त्याच्याकडून मागून घेतलं आणि त्यातले तक्ते ओळ न ओळ वाचले. मामेभाऊ त्या विमानात बसणार आहे, मग वरवर बघून कसं चालेल?

आधी काळ्या रानाबद्दल. निफाड पट्ट्यातली ही माती द्राक्षाला, कांद्याला, गव्हाला सोन्यासारखी, पण चाकाला वाईट. बेसॉल्ट झिजून झालेली चिकणमाती, पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. पावसाळ्यात तिथून बैलगाडी निघत नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्याच मातीला भेगा पडतात. सेस्नाचं पुढचं चाक लहान असतं. वेगात ते भेगेत अडकलं तर पुढचा पाय वाकतो आणि नाकावरचा पंखा जमिनीला लागतो. मधल्या हिवाळ्यात रान बरं वाटतं, पण एक अवकाळी आली की वरून कोरडं दिसणारं रान आत आठवडाभर ओलं राहतं. आज पहार मारून बघितली. वरचा चार बोटांचा थर कडक, त्याखाली पहार लोण्यात जावी तशी आत. मामा शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत.

माळावर तीच पहार ठणकन वाजून परत आली. वर वीतभर माती, खाली मुरूम. पाणी मुरतं, चिखल होत नाही. गवत मात्र सरसकट चांगलं नाही. काही ठिकाणी हराळीने जमीन घट्ट विणली आहे, तिथे पाय दाबला तरी ठसा उमटत नाही. काही ठिकाणी गुडघाभर कुसळी, आणि कुसळीखाली काय आहे ते दिसत नाही. आम्ही काठीने बाजूला सारत चाललो तर उंदरांची बिळं, एक जुनं वारूळ, आणि नांगराच्या फाळाला कधीतरी लागून वर आलेला, अर्धा पुरलेला दगड. कापणी झाल्याशिवाय ही पट्टी तपासली असं म्हणता येणार नाही. गवताची उंची चाकाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत हवी. हिवाळ्यात धनगरांची मेंढरं या बाजूला येतात. मामा म्हणाले, चार दिवस वाडा बसवू, गवतही खाल्लं जाईल आणि खुरांनी जमीनही दबेल. मला हे पटलं. त्यानंतर मी जीप ताशी पन्नासच्या वेगाने पट्टीभर नेणार. जीपमध्ये दणके बसले, तर विमान त्याच्या दुप्पट वेगाने तिथून जाऊच शकणार नाही.

आता आकडे. दादा लांबी बघतो, मी तापमान बघते. आमची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फूट. या उंचीवर प्रमाण तापमान 11 अंश धरतात आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला हवा साधारण 120 फूट उंचावरच्या हवेसारखी विरळ होते. एप्रिलच्या दुपारी 40 अंश असतील तर हिशेब साडेपाच हजार फुटांवर जातो. कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे त्या दुपारी विमानाच्या लेखी आमचा माळ कळसूबाईच्या माथ्यावर असतो. इंजिनाला हवा कमी, पंख्याला कमी, पंखांनाही कमी.

पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे पूर्ण वजनात, म्हणजे 1,157 किलोला, 2,000 फुटांवर 40 अंशांत जमीन सोडून 50 फूट उंची गाठायला सुमारे 2,350 फूट लागतात. हे पक्क्या धावपट्टीवर, नव्या विमानाला, वारा नसताना. कोरड्या गवतासाठी जमिनीवरच्या धावेचा 15 टक्के हिस्सा वाढवायचा, म्हणजे 2,560 फूट. त्यावर ब्रिटनमधल्या विमान प्राधिकरणाने खासगी वैमानिकांना सुचवलेलं एक तृतीयांश जादा अंतर धरलं, तर सुमारे 3,400 फूट, म्हणजे एक हजार चाळीस मीटर. माळ नऊशेचा. हाच हिशेब 10 अंशांच्या सकाळी केला तर आठशे पस्तीसच्या आसपास येतो. म्हणजे जमतं, पण पूर्ण वजनात काठावर. वजन 10 टक्के वाढलं की उड्डाणाचं अंतर सुमारे 20 टक्के वाढतं, आणि कमी केलं की तसंच घटतं. दोन माणसं आणि अर्धी टाकी असेल, तर मला रात्री झोप लागेल.

दादा उतरण्याचे आकडे दाखवत होता. तिथेच फसगत होते. या विमानाला उतरायला उडण्यापेक्षा कमी जागा लागते, त्यामुळे जिथून पुन्हा उडता येणार नाही तिथेही ते छान उतरतं. दव पडलेल्या गवतावर ब्रेक धरत नाहीत, ते वेगळंच. म्हणून मी त्याला आधी उडण्याचंच विचारते.

उताराचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटला. माळ पश्चिमेकडे चढत जातो, लेव्हल लावून बघितलं तर शंभराला दीडच्या आसपास. नाशिकला उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून. वाऱ्याला तोंड देऊन उडायचं म्हटलं की चढावर पळायचं, आणि उतारावर पळायचं म्हटलं की वारा पाठीत. पाठीमागचा वारा फार महाग पडतो. पुस्तक म्हणतं, दर 2 नॉटला, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटरला, अंतर 10 टक्क्यांनी वाढवा. हिवाळ्यातल्या सकाळी मात्र वारा जवळजवळ नसतो. तेव्हा पश्चिमेला चढावर उतरायचं आणि पूर्वेला उतारावर उडायचं, दोन्ही साधतं. निफाडचा पारा घसरला की आम्ही द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो, त्याच सकाळी विमानाला सगळ्यात चांगल्या.

पूर्वेच्या टोकाला विजेची 11 केव्हीची तार आडवी जाते. तार स्वतः दिसत नाही. खांब शोधायचे आणि एका खांबाकडून दुसऱ्याकडे मनाने रेघ ओढायची. लाइन बांधावरून वळवायचा अर्ज द्यावाच लागेल, आणि ती वळेपर्यंत त्या टोकाचे दोनशे मीटर माझ्या हिशेबात नाहीत. म्हणजे नऊशेचे सातशेच. हे सांगितल्यावर दादाचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं, पण आकडा बदलत नाही.

कागदपत्रांचं काम त्याने त्याच्या माहितीतल्या माणसाकडे दिलंय. नाशिकजवळचे ओझर आणि गांधीनगर दोन्ही विमानतळ संरक्षण खात्याशी जोडलेले, देवळालीला तोफखान्याची फायरिंग रेंज, त्यामुळे आपल्या डोक्यावरचं आकाश आपलं नाही. परवानग्या हातात आल्याशिवाय चाचणीसाठीसुद्धा विमान आणायचं नाही, ही माझी अट आहे.

मामांना एक गोष्ट सांगितली, ती त्यांना फार आवडली. 1932 मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. ते जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. टाटांनी हट्ट केला नाही, पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवला. आपली पट्टीही तशीच हंगामी असणार. जूनपासून दिवाळीपर्यंत बंद, मार्चनंतर फक्त सकाळी लवकर, आणि अवकाळी पडली की पहार मारून बघितल्याशिवाय नाही.

रात्री या अटी दादाला पाठवल्या. अर्ध्या अंतरावर दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले मोठे दगड ठेवायचे, हेही लिहिलं. तिथवर उड्डाणाच्या वेगाचा 70 टक्के वेग आला नसेल तर इंजिनाची ताकद काढायची आणि ब्रेक, विचार करत बसायचं नाही. मुरुमाचे खडे पंख्याला लागू नयेत म्हणून उभ्या विमानात इंजिन रेटायचं नाही, चालतं ठेवून हळूहळू ताकद द्यायची.

त्याचा लगेच फोन आला. बाकी सगळं कबूल, दगड उद्याच रंगवून घेतो म्हणाला. फक्त मे महिन्यात मामींना आणि दोन्ही मुलांना एकदम विमानातून माळावर आणायचंय, एवढं एक जमव म्हणतो. नाही म्हटलं. चार माणसं, मे महिना आणि हा माळ, माझ्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मामी गाडीने येतील. जानेवारीत, तार वळली असली तर, त्यांना एकट्यांना पुढच्या सीटवर बसवून सकाळी सातला आण, मी माळावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पट्टा धरून उभी राहीन. तो विचार करून सांगतो म्हणाला. मी तक्ता पुन्हा सातशे मीटर धरून करायला घेतलाय, एक माणूस आणि अर्ध्या टाकीच्या वजनाला.