नाकारता येत नाही, म्हणजे नेमके किती?

लंडनमधील एका रुग्णालयात मी मराठी दुभाषी म्हणून काम करते. बोलणाऱ्याच्या जागी 'मी' म्हणूनच बोलायचे, पदरचे एकही वाक्य घालायचे नाही आणि अर्थ अडला तर डॉक्टर व रुग्ण दोघांनाही सांगूनच खुलासा मागायचा, हा या कामाचा दंडक आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून पुढचा प्रसंग लिहीत आहे.

सत्तरीतल्या एका आजींच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात सात मिलिमीटरची गाठ दिसली होती. डॉक्टर म्हणाले, "इट्स प्रॉबब्ली अ‍ॅन ओल्ड स्कार, बट वी कान्ट रूल आउट कॅन्सर." मी सांगितले, "बहुधा जुना व्रण असावा, पण कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही." आजी म्हणाल्या, "म्हणजे आहेच म्हणायचा की!"

शब्दाला शब्द बरोबर होता, पण वजन साफ बदलले होते. इंग्रजी डॉक्टरांच्या तोंडी 'कान्ट रूल आउट' ही बहुतेक वेळा शक्यतेची सर्वांत खालची पायरी असते; संशयाला ठोस आधार नाही, मात्र फाइल बंद करण्याइतका पुरावाही हाती नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र सरकार डळमळू लागले की 'मध्यावधी निवडणुकीची शक्यता नाकारता येत नाही' असे छापून येते, आणि ते वाचून कान तयार झालेल्या माणसाला त्यात होकारच ऐकू येतो.

मी दोघांनाही सांगून डॉक्टरांना विचारले, की आपला कल कोणत्या बाजूला आहे? तेव्हा कुठे ते म्हणाले, की दाट संशय असता तर पुढच्या स्कॅनसाठी तीन महिने थांबायला सांगितलेच नसते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी या छातीच्या विकारांवरील डॉक्टरांच्या संस्थेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एवढ्या गाठीला तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून वाढ तपासतात. हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. न विचारता का सांगत नाहीत, याचा मला आजही राग येतो. जबाबदारीतून सुटण्यासाठी हा वाक्प्रचार फार सोयीचा झाला आहे.

बरे, इंग्रजी जाणणाऱ्यांचे तरी आपसांत एकमत असते, असेही नाही. 1951 मध्ये अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावरील हल्ला ही 'सीरियस पॉसिबिलिटी' असल्याचे एकमताने लिहिले. नंतर त्यांच्यातल्याच शर्मन केंट यांनी सहकाऱ्यांना हल्ला होण्या-न होण्याचे प्रमाण विचारले, तेव्हा कोणाच्या मनात वीसास ऐंशी होते, तर कोणाच्या ऐंशीस वीस. स्वतः केंट यांच्या मनात पासष्टास पस्तीस. सही केलेल्यांचीच ही गत असेल, तर आजींनी काय समजावे?

उठता उठता आजींनी विचारले, "तीन महिन्यांनी तरी नक्की कळेल ना?" डॉक्टर म्हणाले, "वी शुड नो मोअर बाय देन." या 'शुड'मध्ये अपेक्षा आहे, हमी नाही, वाढ दिसली नाही तरी वर्षाने आणखी एक स्कॅन असतोच. मी म्हणाले, "तोपर्यंत जास्त कळलेलं असेल, असा अंदाज आहे." 'अंदाज' म्हटल्याने त्यांना डॉक्टरांच्या मनातल्यापेक्षा कमी आशा मिळाली की जास्त, हे मला अजून ठरवता आलेले नाही.