तुम्ही विचारलंत म्हणून: झाड जरायुज कसं?

ऐरोलीच्या खाडीकाठी मंडळींना कांदळवन दाखवताना मी 'जरायुज' म्हटलं की कुणीतरी अडवतंच: 'अहो, जरायुज म्हणजे गाय, माणूस. झाड कसलं जरायुज?'

शंका रास्त आहे. कीर्तनात ऐकलेल्या चार खाणी आठवा: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. जरायु म्हणजे गर्भाभोवतीचं वेष्टन. त्यातून जन्मतो तो जरायुज, म्हणजेच जारज. झाडं जमीन फोडून येतात, ती उद्भिज. खाणच वेगळी!

जीवशास्त्रात हे विशेषण ऐसपैस झालं. बाजारात मिळणारी छोटी मुशी मासाच, पण पोटातली पिल्लं नाळेवर पोसते. ती अस्सल जरायुज. घोणसही पिल्लंच घालते, पण ती पोटातल्या अंड्यांत वाढलेली, म्हणून तिला अंडजरायुज म्हणतात.

झाडाला कुठली आली नाळ? पण कांदळाचं बी फांदीवरच रुजतं, फळ फोडून बाहेर येतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं महिनोन्‌महिने लोंबत राहतं. तोवर पोसतं ते झाडच. खाऱ्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात कोवळा कोंब फुटणं कठीण. त्यापेक्षा आईच्या अंगावर वाढून, तयारीनिशी खाली उतरलेलं बरं. हे रोप भाल्यासारखं चिखलात रुततं असं सगळे रंगवून सांगतात. काही रुततातही, पण पुष्कळशी भरतीबरोबर तरंगत जातात आणि जिथे टेकतील तिथे मुळं धरतात.

ठाणे खाडीत मात्र राज्य तिवराचं. पावसाळ्यात त्याचं करड्या-हिरव्या लवीचं फळ उचला आणि नखाने साल काढा. आत एकमेकींवर दुमडलेल्या दोन जाड हिरव्या दली आणि त्यांच्यामधून डोकावणारं केसाळ टोक दिसेल. बी रुजलेलं आहे, पण साल फोडलेली नाही. अशा झाडांना मी 'गुप्त जरायुज' म्हणतो.

'कांदळवनं जरायुज असतात' हे सरसकट विधान म्हणूनच मला खटकतं. 2020 साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. तिच्या फळात साध्या, न रुजलेल्या बिया भरलेल्या असतात. जुन्या हिशेबाने ती चोख उद्भिज.