म्हशीच्या पोटातला थेंब

सहावीला जलचक्र शिकवायचं होतं. बाष्पीभवन, सांद्रीभवन हे शब्द दरवर्षी मुलांच्या डोक्यावरून जातात, म्हणून आदल्या रात्री कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता एक गाणं रचलं. थेंबाच्या तोंडचं:

काल होतो म्हशीच्या पोटात,
आज बसलो ढगाच्या कोटात,
उद्या येईन तुझ्या ओठात!

कुर्ल्याच्या आमच्या शाळेत गाणं गाजलं. दोनदा म्हणून झालं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, म्हणजे मी म्हशीची शू पितो?"

वर्ग खिदळला. एकाने तर पाण्याची बाटली नेऊन खिडकीत ठेवली.

हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. स्टाफरूमच्या किटलीतलं उकळतं पाणी पातेल्यात ओतलं, त्यात निळी शाई टाकली, वर ताट झाकलं आणि ताटात समोरच्या डेअरीतला बर्फ. थोड्या वेळाने ताट उचललं. खालून टपोरे थेंब लोंबत होते, आणि एकातही निळा रंग नाही. म्हशीचा प्रश्न विचारणारा मुलगा ताटाला नाक लावून बघत होता. "शाई खालीच राहिली!" समुद्राचं मीठही असंच खाली राहतं, म्हणून पाऊस खारट नसतो, हे मग त्यानेच सांगितलं.

पुढे फळ्यावर चित्र. उदाहरण दाराशीच होतं: विहार तलाव भरून वाहिला की पाणी मिठी नदीत, मिठी माहीमच्या खाडीत, तिथून समुद्र, पुन्हा वाफ, पुन्हा ढग. बाण गोल फिरवून मोठ्या समाधानाने खडू ठेवला.

खिडकीजवळची एक मुलगी, एरवी हजेरीलाही जेमतेम तोंड उघडणारी, म्हणाली, "बाई, यात नळ कुठंय?"

खरंच नव्हता. भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं पाठ करून घेणारी मी. शहापूरकडचं पाणी जलवाहिन्यांतून येतं, भांडुपला शुद्ध होतं, हेही शिकवलेलं. पण माझा थेंब ढगातून थेट ओठात!

खडू तिच्या हातात दिला. तिने नळ काढला, खाली ड्रम, मग कळशी, आणखी एक कळशी, आणि पाइप धरून उभी एक मुलगी. "पहाटे साडेचारला येतं. वीस मिनिटं," ती म्हणाली. "आई भरते, मी पाइप धरते."

मग गाण्यात तिची ओळ घुसली:

पहाटे पडलो ड्रमच्या पोटात.

'पोटात' दोनदा आलं म्हणून मी कुरकुरले. मुलं म्हणाली, "बाई, म्हशीचं वेगळं, ड्रमचं वेगळं."