इम्फाळच्या हरिकेनवरचा फिका निळा
गेला दीड महिना माझ्या टेबलावर १:७२ प्रमाणातले, हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाचे एक मॉडेल अर्धवट अवस्थेत पडून होते, आणि त्याचे काम अडले होते ते जेमतेम साडेपाच मिलिमीटर व्यासाच्या एका वर्तुळापाशी. विमान भारतीय हवाई दलाच्या क्रमांक १ स्क्वॉड्रनचे, साल १९४४, ठिकाण इम्फाळ. स्क्वॉड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली या स्क्वॉड्रनने जपानी फौजांच्या हालचालींवर टेहळणी केली आणि त्याच वर्षी त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. अशा विमानाच्या वरच्या अंगाचा गडद हिरवा व मातकट तपकिरी आणि पोटाकडचा राखाडी हे तिन्ही रंग तयार बाटल्यांत मिळतात. त्यांवर फार डोके घालवावे लागत नाही. अडचण सुरू होते ती पंखांवरच्या आणि कुशीवरच्या राउंडेलपाशी, म्हणजे ओळखचिन्हाच्या गोल चक्रापाशी.

ब्रिटिशांच्या राउंडेलमध्ये मधोमध तांबडा ठिपका असे. जपानी विमानांची खूणही तांबडी तबकडीच असल्यामुळे, क्षणभरात निर्णय घेणाऱ्या तोफचीला लांबून दिसलेला तांबडा रंग आपला की शत्रूचा हे कळणे कठीण होते. म्हणून १९४२ पासून भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील विमानांवरून तांबडा रंग काढून टाकण्यात आला. त्या जागी पांढरा दिला, तर तो गर्द झाडीच्या पार्श्वभूमीवर फारच डोळ्यांत भरे. तेव्हा पांढऱ्यात राउंडेलचाच निळा मिसळून फिका निळा करण्यात आला. बाहेर गडद निळे कडे आणि आत फिका निळा गोल अशी आग्नेय आशिया कमांडची ही जी खूण ठरली, तिचा आतला रंग असा मिश्रणातून आलेला असल्यामुळे त्याची छटा विमानागणिक थोडीफार बदलणे साहजिकच होते.

मी हे माहीत असूनही आधी सोपी वाट धरली. किटमधल्या डेकलवरचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रावरचा, आतला गोल तरणतलावाच्या फरशीसारखा भडक होता, आणि शाईचा थर पातळ असल्याने खालचा गडद हिरवा त्यातून डोकावत होता. ते डेकल भिजवून काढून टाकले आणि बाटलीतला तयार आकाशी आणला. बाटलीत तो निर्दोष दिसला. पण गडद निळ्याच्या कड्यात बसताच हिरवटसर, जवळजवळ पिरोजी वाटू लागला. चूक बाटलीची नव्हती. त्या आकाशीचे मूळच वेगळे होते, त्यात पिवळ्याची किंचित झाक होती, आणि शेजारी शुद्ध निळा आल्यावर ती झाक उघडी पडली. स्वतंत्र बाटल्यांतले दोन निळे एकमेकांना जुळवत बसण्यापेक्षा मूळ रंगाऱ्याने केले तेच करावे, म्हणजे बाहेरच्या कड्याचाच निळा पांढऱ्यात घालून आतला रंग तयार करावा, हे मला तेव्हा कुठे पटले. असे केले की दोन्ही रंग एकाच घरातले राहतात आणि छटा थोडी इकडेतिकडे झाली तरी नजरेला खटकत नाही.

कड्याचा निळाही सरळ बाटलीतून घेतला नाही. युद्धकाळातील ब्रिटिश राउंडेलचा निळा शांततेच्या काळातल्या झळझळीत निळ्यासारखा नव्हता. तो मंद, काळसर होता. शिवाय लहान प्रतिकृतीवर रंग मूळ विमानापेक्षा गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा घालण्याची पद्धत आहे. ती निळ्याला मानवते. तांबड्याला मात्र पांढरा घातला की तो गुलाबी होतो, त्यामुळे युरोपातल्या आघाडीवरचा विटकरी तांबडा करताना मी किंचित नारिंगी किंवा मातकट रंगच घालतो. या हरिकेनने निदान त्या कटकटीतून माझी सुटका केली.

मग प्लॅस्टिकचे चमचे घेतले, त्यांवर विमानाचाच गडद हिरवा फवारला आणि वर मिश्रणाचे ठिपके दिले. पांढऱ्याचे तीन थेंब व निळ्याचा एक थेंब घेतला तर गोल कड्यात बुडून जाई. आठास एक घेतला तर पांढराच वाटे. पाचास एकवर थांबलो. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर थोडा गडद होतो आणि वरून मॅट वार्निश दिले की पुन्हा फिकटतो, त्यामुळे निवड वार्निश वाळल्यानंतरच केली. तीही टेबलावरच्या एलईडी दिव्याखाली नव्हे, तर सकाळी नऊच्या सुमारास गच्चीत, थेट ऊन टाळून.

छायाचित्रांचा आधार घ्यावा, असे कोणीही सुचवील. परंतु कृष्णधवल चित्रातून छटा काढणे हे सावलीवरून साडीचा रंग सांगण्यासारखे आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा नको तितका दिसे, म्हणून तिच्यावर टिपलेल्या राउंडेलमधला तांबडा काळाकुट्ट आणि निळा फिका येतो. या फरकामुळे विमानाची ओळखच चुकल्याची उदाहरणे आमच्या छंदात नवी नाहीत. संग्रहालयात उभ्या असलेल्या विमानांना नंतर नव्याने रंग दिलेला असू शकतो, म्हणून तिथले निळे मी अंतिम पुरावा मानत नाही. छायाचित्रांतून मी एवढेच घेतले की आतला गोल कड्याच्या तुलनेत किती उजळ होता.

प्रत्यक्ष रंगवताना मास्किंग टेपवर कंपास कटरने वर्तुळे कापली. राउंडेलच्या पूर्ण वर्तुळावर आधी पांढऱ्याचा पातळ हात, त्यावर फिका निळा, मग मधोमध टेपची टिकली चिकटवून गडद निळा. टिकली कडेला नीट दाबली गेली नाही म्हणून डाव्या पंखावर निळा केसाइतका आत शिरला. टोकदार टूथपिकने तो खरवडून काढला. शेपटीवरची दुरंगी पट्टीही त्याच दोन मिश्रणांतून रंगवली.

उरलेला रंग झाकण लावून ठेवला आहे खरा, पण पुढच्या मॉडेलसाठी, म्हणजे व्हल्टी व्हेन्जन्स या बाँबफेकी विमानासाठी, तो वापरणार नाही. त्या विमानांची बादली दुसऱ्याच कोणीतरी ढवळली असणार.